बुडबुडा जाईपर्यंत

रिदाच्या मांडीवरचं वेफर्सचं पाकीट फुगलं होतं. पनवेलच्या नाक्यावर घेतलं तेव्हा ते मऊ, सुरकुतलेलं होतं. आता त्याच्या कडा ताठ झाल्या होत्या आणि बोट मारलं की टणटण वाजत होतं. तिनं पुन्हा बोट मारलं.

"वाजवू नको गं," बिल्कीस म्हणाली. "अब्बांना झोप लागलीय."

पण अय्यूब जागा होता. सुमोच्या मधल्या सीटवर, बायको आणि मुलीच्या मध्ये, मांडीवरच्या उशीत तोंड खुपसून तो घरापासून तसाच बसून आला होता. पंधरवड्यापूर्वी त्याच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्याच्या मागच्या भिंतीवरचा पडदा सुटला होता. डॉक्टरांनी तो जागेवर बसवला आणि पुन्हा सुटू नये म्हणून डोळ्यात वायूचा एक बुडबुडा भरला. बुडबुडा नेहमी वर जाणार. म्हणून माणसानं चेहरा जमिनीकडे ठेवायचा, म्हणजे तो मागच्या पडद्याला टेकतो आणि पडद्याला धरून राहतो. अय्यूबनं हे पथ्य मनापासून पाळलं होतं. "डॉक्टरांनी चोवीस तासांचा सजदा लावून दिलाय," असं तो भेटायला येणाऱ्यांना सांगायचा आणि फरशीकडे बघत एकटाच हसायचा.

आता तो हसत नव्हता. उशीवरची त्याची बोटं आत वळत चालली होती.

"बिल्कीस," तो म्हणाला.

परक्या माणसासमोर तो तिला नावानं हाक मारत नसे. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. सदरा घामानं ओला झाला होता.

"काय होतंय?"

"डोळा. आतून कुणीतरी रेटतंय."

बाळूनं आरशातून मागं पाहिलं. तो तळोज्याजवळच्या गावचा; मोहल्ल्यातल्या गल्फवाल्यांना विमानतळावर सोडण्या-आणण्यात त्याची निम्मी उमर गेली होती.

"गाडी लागली काय, चाचा?"

"गाडी नाही रे."

"अम्मी, हे बघ," रिदानं पाकीट पुढं केलं. "आपण घेतलं तेव्हा असं होतं का?"

"तुला आत्ता पाकिटाचं पडलंय?"

"ऐक तरी. हे बंद आहे. आत हवा होती तेवढीच आहे. पण आपण वर आलो. वर बाहेरच्या हवेचा दाब कमी असतो, म्हणून आतली हवा पसरते. आम्हाला आत्ताच झालाय हा धडा." बोलता बोलता ती थांबली. तिची नजर पाकिटावरून वडिलांच्या वाकलेल्या पाठीवर गेली. "अब्बांच्या डोळ्यातपण बंद हवाच आहे ना, अम्मी?"

चढावर इंजिन तेवढं घरघरत होतं.

"बाळू, गाडी फिरव," बिल्कीस म्हणाली.

"कुठं फिरवू, चाची? खोपोलीचा फाटा मागं गेला. आता मधी वळवाला जागा नाय. खंडाळ्याला भायेर निघू नि जुन्या रस्त्यानं उतरू. तवर चढायलाच लागंल."

उतरण्यासाठी आधी आणखी चढायचं होतं. बिल्कीसनं पुण्याला नेण्यासाठी घेतलेला जरीचा दुपट्टा पिशवीतून काढला, पाण्यात भिजवला आणि अय्यूबच्या मानेवर ठेवला. त्यानं काय होणार होतं, ते तिला माहीत नव्हतं. पुण्यात त्याच्या बहिणीच्या मुलीचा, आलियाचा निकाह होता. भावाबहिणींच्या घरातली सगळी लग्नं त्यानं कुवेतमधून फोनवर ऐकली होती. हे एक तरी डोळ्यानं बघायचं, असा त्याचा हट्ट होता.

बोगदा आला, गेला. रिदानं पाकीट पोटाशी धरलं होतं आणि ती त्याच्याकडे बघत नव्हती. बिल्कीस मात्र त्याच्यावरून नजर काढत नव्हती. त्या चकचकीत कागदाची शिवण कुठं उसवतेय का, एवढंच ती बघत होती. हे फुटलं की सगळं गेलं, असं तिच्या मनानं कधी ठरवलं, ते तिलाही कळलं नाही.

"डावीकडे थोडा उजेड दिसायचा," अय्यूब उशीतून म्हणाला. "तोही गेला."

बाळूनं खंडाळ्याला गाडी बाहेर काढली आणि तोंड पनवेलकडे वळवलं. पुढं कितीतरी वेळ नुसती वळणं होती. मग पाकिटाच्या एका कोपऱ्यावर बारीक सुरकुती आली. रिदानं ती आईला बोटानं दाखवली. खोपोलीच्या पायथ्याशी पाकीट पुन्हा मऊ पडलं होतं, आणि अय्यूबच्या मुठी सुटल्या होत्या.

"चाचा, आता?" बाळूनं विचारलं.

"उजेड आला," तो म्हणाला. मग बऱ्याच वेळानं, "आलियाला फोन करायला हवा."

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर शशिकला टिपणीस यांनी आधी डोळा तपासला, पुन्हा तपासला, आणि पडदा जागेवर आहे याची खात्री झाल्यावर मगच रागावल्या.

"उंचावर जायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना? विमान नाही, डोंगर नाही."

"डोंगर म्हटल्यावर आम्हाला कर्नाळा वाटला, मॅडम," बिल्कीस म्हणाली. "यांना कुठं आता किल्ला चढायचाय? आणि घाट म्हणजे... घाट तर रस्ता आहे."

डॉक्टरांनी खुर्ची पुढं ओढली. "खरं आहे. पनवेलच्या माणसाला घाट वेगळा सांगायला हवा होता. माझ्याकडून राहिलं."

त्यांनी ड्रॉवरमधून एक रिकामी सिरिंज काढली, तिच्यात निम्मं पाणी आणि एक छोटासा बुडबुडा घेतला, पुढच्या टोकावर बोट दाबून धरलं आणि रिदाला म्हणाल्या, "तू ओढ गं मागचा दांडा."

रिदानं ओढला. आतला बुडबुडा मटाराएवढा होता तो सुपारीएवढा झाला. दांडा सोडल्यावर पुन्हा मटाराएवढा.

"दाब कमी, जागा जास्त. दाब वाढला की जागा कमी. पाकिटाचं बरं असतं, ते फुगून घेतं. डोळ्याला फुगता येत नाही. मग बुडबुडा आतल्या आत दाबत सुटतो आणि डोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडतो. घाटात ही दशा झाली. विमानात तर याच्या तिपटीनं उंच गेल्यासारखं असतं. चढलात, तर उतराल तेव्हा हा डोळा नसेल."

अय्यूबच्या मनगटावर ऑपरेशनच्या दिवशी बांधलेला हिरवा प्लॅस्टिकचा पट्टा होता. डोळ्यात वायू आहे, विमानप्रवास नको, असं त्यावर छापलेलं होतं. डॉक्टरांनी तो दोन बोटांनी हलवून बघितला.

"हा तुम्ही काढायचा नाही. बुडबुडा संपला की आम्हीच इथं कापू. हा हातात आहे तोवर विमान नाही, एवढंच लक्षात ठेवा."

"कधी संपेल?" बिल्कीसनं विचारलं.

"हा वायू हळू जिरतो. सहा आठवडे, आठ आठवडे. प्रत्येकाचं वेगळं."

अय्यूब खाली बघत होता. त्याचा चेहरा तिला दिसला नाही.

तो कुवेतमध्ये एका कंपनीत एसीचं काम करत होता. मोठ्या इमारतींच्या छतांवरची यंत्रं. रजा साठवून दिवाळीच्या सुमाराला आला होता, आणि परतायच्या आठवड्यात डोळ्यासमोर हा काळा पडदा उतरला. सहा महिने बाहेर राहिलं की तिथला इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, रद्द. ते सहा महिने एप्रिलच्या शेवटी भरत होते. पन्नाशी उलटलेल्या माणसाला पुन्हा नवा व्हिसा कोण देणार? हे कुणी बोलून दाखवलं नाही, पण त्या दिवसापासून घरात दोन गोष्टी एकमेकींच्या मागं धावू लागल्या. बुडबुडा आधी जातो की एप्रिल.

पुढल्या खोलीतल्या चटईवर अय्यूबचं बस्तान होतं. आता तोंड सतत पालथं नको होतं, मान खाली घालून बसलं तरी चालत होतं. एवढ्या दिवसांत तो माणसं पायांवरून ओळखायला शिकला होता. "डावा पाय ओढतोय, म्हणजे मशिदीतले दाजी," किंवा "नव्या चपला कुणाच्या? सलाम, सलाम." बिल्कीसला त्याचं हे बोलणं ऐकून हसू यायचं आणि मग मधेच यायचं बंद व्हायचं. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, पण सगळ्या रजांची बेरीज केली तर संसार दोन-अडीच वर्षांचा भरला असता. तो यायचा तेव्हा ती चांगल्या कपबशा काढायची. मटण दोनदा व्हायचं. मग बाळूची गाडी यायची आणि कपबशा धुऊन पुन्हा कपाटात जायच्या.

या खेपेला कपबशा कधी आत गेल्या ते तिच्या लक्षातही आलं नाही. तो रोजच्या स्टीलच्या पेल्यातून चहा प्यायला लागला. लसूण सोलून द्यायला लागला, तांदूळ निवडायला लागला. मान खालीच असायची, काम खालचंच होतं. आणि रोजच्या माणसासारखा तो तिला कधीकधी जडही जायला लागला. "पाण्याची मोटर एवढा वेळ कशाला चालवते?" असं त्यानं विचारलं की तिचा हात थांबायचा. मोटर, गॅसचा नंबर, रिदाचं कॉलेज, टाकीची गळती, सगळं इतकी वर्षं तिनं कुणाला न विचारता केलं होतं. बुडबुडा लवकर जाऊ दे, अशी ती रोज असरच्या नमाजनंतर दुआ मागायची. ती नेमकी त्याच्या डोळ्यासाठी होती, नोकरीसाठी होती की आणखी कशासाठी, हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

रिदा संध्याकाळी कॉलेजातून आली की आधी विचारायची, "अब्बा, केवढा?"

सुरुवातीला त्याला त्या डोळ्यातून सगळं पाण्याखालच्यासारखं दिसायचं. मग एक आडवी रेघ आली. "माझ्या डोळ्यात कुणीतरी पाणसळ बसवलीय," तो म्हणाला. "मान वाकडी केली तरी रेघ सरळच राहते. एवढी अचूक पाणसळ कंपनीनंसुद्धा दिली नव्हती." मग रेघेचा गोल झाला. लिंबाएवढा. पुढं वाटाण्याएवढा, मान खाली घातली की नजरेच्या मधोमध येऊन थरथरणारा.

वेफर्सचं ते पाकीट रिदानं खाल्लं नाही, कुणाला खाऊही दिलं नाही. खिडकीशेजारच्या खिळ्याला टांगून ठेवलं. एप्रिल लागला तसं दुपारी खिडकीतून ऊन आत यायचं आणि पाकीट किंचित ताठ व्हायचं. सकाळी पुन्हा सैल. रिदाची परीक्षा होती. एका दुपारी ती बापाशेजारी चटईवर पालथी पडून पुस्तक फरशीवर ठेवून वाचत होती, म्हणजे दोघांना एकदम दिसेल.

"इथं उंची बदललेली नाही, मग हे का ताठतं?" अय्यूबनं विचारलं.

"ऊन. तापलं की हवेला जास्त जागा लागते."

"आणि जागा दिलीच नाही तर? पाकीट नाही, लोखंडाची टाकी आहे समज."

"मग दाब वाढणार."

"शाबास. आमचं सगळं काम एवढ्यावर चालतं. गॅसची टाकी छतावर उन्हात ठेवायची नाही. तिकडं छताला हात लावला तर कातडी चिकटते. टाकीवर ओलं गोणपाट टाकायचं, सावलीला आडवी नाही, उभी बांधायची. मीटरचा काटा बघत राहायचं. काटा चढला की आपण उतरायचं." तो हसला.

"फुटली कधी?"

बिल्कीस दारात उभी राहून कैऱ्या पुसत होती. अय्यूबनं पुस्तकाचं पान उलटलं, पुन्हा मागं आणलं.

"एकदा."

"मग? कुणाला लागलं?"

"उरणचा होता एक. दादू. फोरमननं गोणपाट काढायला लावलं होतं, साहेबलोक येणार म्हणून. वाईट दिसतं म्हणाला." त्यानं पुस्तक तिच्याकडे सरकवलं. "पुढचं वाच. उदाहरण सोडव."

"तुम्ही तिथं होता?" हे बिल्कीसनं विचारलं.

"खाली गेलो होतो. पाणी आणायला."

यातलं त्यानं घरी कधी काही सांगितलं नव्हतं. बिल्कीस त्याच्याकडे बघत उभी राहिली, पण मान खाली घातलेल्या माणसाचं तोंड वाचता येत नाही. तिला त्याचा फक्त माथा दिसत होता. मधले केस विरळ झाले होते.

एप्रिलच्या मध्यावर पार्सलं यायला लागली. मोहल्ल्यातला कुणी कुवेतला निघतोय अशी नुसती कुणकुण लागली तरी ती येतात. ज्यांची मुलं, नवरे तिकडे, त्या बाया सुकवलेले बोंबील, मसाल्याचे डबे, गोधडी, पोटदुखीचं चूर्ण असं काहीबाही कापडात शिवून, वर नाव लिहून आणून ठेवतात. नको म्हणायची रीत नाही. अय्यूबच्या चटईसमोरच्या भिंतीशी एकावर एक गाठोडी रचली गेली. बोंबलांचा वास खोलीत मुरला.

"बुडबुडा आहे म्हणून सांग ना त्यांना," बिल्कीस म्हणाली.

"आज ना उद्या जाईलच," अय्यूब म्हणाला. "ठेवू देत."

"रात्री बघितला तेव्हा केवढा होता?"

"मुगाएवढा."

दर मंगळवारी तो तपासायला जायचा. आधी बिल्कीस बरोबर असायची. हल्ली तो बाळूच्या गाडीनं एकटा जाऊन यायचा. "तू कशाला उन्हाची? दोन मिनिटांचं काम आहे." आल्यावर सांगायचा, आहे अजून, मॅडम म्हणाल्या सबर करा. मुगाचा मूगच राहिला. रिदाही आता विचारत नव्हती. संध्याकाळी यायची, बापाच्या डोक्यावरून हात फिरवायची आणि आत जायची. परीक्षेच्या नादात असेल, असं बिल्कीसला वाटलं.

शहजाद रोज फोन करू लागला. तो बिल्कीसचा धाकटा भाऊ, त्याच कंपनीत कारकून.

"आपा, दुल्हाभाईंचा बुडबुडा आहे की रबराचा फुगा? फोरमन रोज विचारतो. छतावर दादूच्या जागी त्यांचंच नाव लावलंय त्यानं. शनिवारच्या आत इथं उतरले नाहीत तर इकामा गेला. मग माझ्या हातात काही नाही."

"कुणाच्या जागी?"

"दादूच्या. उरणचा. तुला नाही माहीत. टिकट काढू का, तेवढं सांग."

"विचारून सांगते," ती म्हणाली.

त्या दुपारी जेवणं झाल्यावर अय्यूब चटईवर पालथा झोपला होता. पंख्याचा वारा गरम होता. खिळ्यावरचं पाकीट ताठ झालं होतं. बिल्कीस त्याच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवायला वाकली. त्याचा डावा हात चटईबाहेर पसरला होता, तळवा वर. हिरवा पट्टा मनगटावर फिरून उलटा झाला होता.

पट्टा मधोमध कापलेला होता. वेडावाकडा तुटलेला नव्हता, कात्रीनं सरळ कापलेला. दोन्ही टोकं एकमेकांना भिडवून वर टेप गुंडाळली होती. विजेच्या तारांना लावतात ती, हिरवी. पट्ट्याच्या रंगाला रंग मिळवून घेतलेली. वळसे एकसारखे, एकावर एक बरोबर बसलेले, कुठं सुरकुती नाही. असा जोड या घरात एकाच माणसाला जमत होता.

आम्हीच इथं कापू, असं मॅडम म्हणाल्या होत्या.

ती तांब्या हातात धरून तशीच बसली. आधी तिला राग आला. रोज मागितलेली दुआ, शहजादला दिलेली उत्तरं, मूग. माणूस आपल्या बायकोला सांगू शकला नाही? पण काय सांगायचं होतं त्यानं? जायचं नाही म्हणून? मोहल्ल्यातला कुठला माणूस असं म्हणाला होता? पाय मोडला म्हणून परत आलेले होते, कंपनी बुडाली म्हणून आलेले होते. तिकडे भीती वाटते म्हणून राहिलेला एकही तिला आठवेना.

तिनं तांब्या खाली ठेवला. मग काय वाटलं कोण जाणे, तीही फरशीवर आडवी झाली आणि त्याच्या तोंडाच्या उंचीवर गाल टेकला. दोन महिने तो जे बघत होता ते तिला दिसलं. कपाटाच्या पायाखाली रिदाची हरवलेली पेन्सिल. उंबऱ्याशी तिच्या स्वतःच्या चपला, टाचेला झिजलेल्या. आणि समोर, अगदी तोंडासमोर, ती गाठोडी. खालून बघितल्यावर ती छतापर्यंत गेल्यासारखी वाटत होती.

अय्यूबचा श्वास झोपलेल्या माणसाचा नव्हता. तिला ते कळलं. ती उठली आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.

ऊन उतरल्यावर फोन वाजला. अय्यूब भिंतीला टेकून बसला होता; रिंग ऐकताच त्याची मान आपोआप खाली गेली. बिल्कीसनं फोन उचलला.

"आपा, आज शेवटचं विचारतो," शहजाद म्हणाला. "काढू टिकट?"

"नको."

"म्हणजे?"

"मी स्वतः मॅडमकडं जाऊन आले. बुडबुडा आहे अजून. एप्रिल गेला तरी राहील म्हणाल्या."

"आपा, अगं इकामा जाईल! नंतर रडत बसशील. दुल्हाभाईंना दे जरा फोन."

"झोपलेत ते."

"या वेळी?"

"या वेळी. आणि शहजाद, तूही छतावर जात जाऊ नको."

तिनं फोन ठेवला. पुढल्या महिन्यापासून घर कशावर चालणार, हे तिला खरोखरच माहीत नव्हतं. पाकीट खिळ्यावर सैल पडत चाललं होतं.

ती भिंतीशी गेली आणि सगळ्यात वरचं गाठोडं उचललं.

"ही ज्यांची त्यांना परत द्यायला हवीत," ती म्हणाली. "दुसरा कुणी निघाला तर नेईल. बोंबील किती दिवस ठेवायचे?"

अय्यूबनं मान वर केली. पूर्ण वर. तिच्या पायांवरून, हातातल्या गाठोड्यावरून त्याची नजर तिच्या चेहऱ्यापर्यंत आली आणि तिथं थांबली, दोन्ही डोळ्यांची. डाव्या डोळ्यात अजून थोडी लाली होती.

बिल्कीसनं गाठोडं बगलेत धरलं, त्याच्यासमोर बसली आणि त्याचं मनगट हातात घेतलं. टेपचं एक टोक घामानं उचललं गेलं होतं. तिनं ते अंगठ्यानं दाबलं आणि चिकटेपर्यंत दाबून धरलं.

बाहेर पायरीवर चपला वाजल्या. कुणीतरी डावा पाय ओढत येत होतं.

"मान खाली," ती म्हणाली. "दाजी आलेत."